‘रेडियम’चे तारे, चमकणारी हळद आणि एक घातक संदेश

गेल्या आठवड्यात सांगलीहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक संदेश वाचून तिने मुलाच्या खोलीतल्या छतावरचे चमकणारे तारे खरवडून काढले होते आणि गिरणीतून दळून आणलेली वर्षभराची हळद टाकून द्यावी का, असे ती विचारत होती. त्या संदेशात चार दावे आहेत: अंधारात चमकणाऱ्या ताऱ्यांत रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असते व त्याने कर्करोग होतो, जांभळ्या (अतिनील) टॉर्चखाली चमकणारी हळद भेसळीची असते, शाळेत दाखवतात ती ‘काळी ज्योत’ विषारी रसायनांनी तयार होते, आणि असे प्रयोग करणारे शिक्षक मुलांवर किरणोत्सर्ग सोडतात. हे सारे प्रयोग मी स्वतः वर्गात दाखवते, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही.

पहिल्या दाव्याचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपण ‘रेडियम’ म्हणतो, अगदी ट्रकमागच्या पट्टीलाही. ती पट्टी तर स्वतः चमकतही नाही, पडलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवते. छतावरच्या ताऱ्यांत झिंक सल्फाइड किंवा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते. हे स्ट्रॉन्शियम साधे, स्थिर असते. अणुस्फोटाच्या संदर्भात ज्याचे नाव येते ते स्ट्रॉन्शियम-90 वेगळे. हे पदार्थ दिव्याच्या उजेडातली ऊर्जा साठवतात आणि सावकाश सोडतात, यालाच फॉस्फरसन्स म्हणतात. खात्री करायची असेल, तर एक तारा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस बंद ठेवावा आणि अंधाऱ्या खोलीत डबा उघडावा. तारा विझलेला दिसेल, कारण साठा संपलेला असतो. रेडियमच्या रंगाला उजेड दाखवावा लागत नसे. त्याच्या किरणांनीच झिंक सल्फाइड रात्रंदिवस चमकत राही.

या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळांच्या तबकड्यांना खरोखरच रेडियमचा रंग देत असत, आणि तो रंगवताना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार तरुणींना त्यापायी जबड्याचे भयंकर आजार झाले, काहींचा जीव गेला. पण अशा जुन्या घड्याळातले झिंक सल्फाइड केव्हाच निकामी झालेले असते, तर रेडियम-226 चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा भाग विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षांचे आहे. म्हणजे आजोबांच्या काळातले, आता अजिबात न चमकणारे घड्याळ किरणोत्सारी असू शकते आणि छतावर झळकणारा तारा नसतो. संदेशाने लोकांना नेमके उलटे शिकवले आहे.

हळदीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. हळदीतले कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य अतिनील प्रकाश शोषून हिरवट-पिवळा प्रकाश देते, आणि स्पिरिटमध्ये हळद ढवळली की तो विशेष स्पष्ट दिसतो. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या ज्या निबंधातून अशा चमकेचा, म्हणजे फ्लुओरेसन्सचा, शास्त्रीय अभ्यास उभा राहिला, त्यातच हळदीच्या अर्काच्या या चमकेची नोंद आहे. भेसळीत सापडणारा मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग तेव्हा अस्तित्वातच नव्हता. चमक हा हळदीचाच गुण असल्याने शुद्ध हळद चमकेल आणि भेसळ केलेलीही चमकेल, कारण तिच्यातही हळद असतेच. लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या रंगाची भेसळ खरोखर होते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. ती या टॉर्चने ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच हवी. या ‘चाचणी’वर विसंबून एखादी आई हळदच नसलेली, म्हणून न चमकणारी पिवळी पूड शुद्ध समजून निर्धास्तपणे आमटीत घालेल, याची मला भीती वाटते.

काळ्या ज्योतीत विष नसते, स्वयंपाकघरातले मीठ असते. मिठातल्या सोडियमचे अणू सोडियम दिव्याचा 589 नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश शोषतात आणि त्याच लांबीच्या लहरी सर्व दिशांना फेकतात. आपल्या डोळ्यांकडे येणारा प्रकाश असा विखुरल्यामुळे दिव्यासमोर धरलेली ज्योत काळी दिसते.

राहिला किरणोत्सर्ग. जांभळ्या टॉर्चचा प्रकाश अतिनील असला, तरी तो किरणोत्सर्गी पदार्थातून येत नाही. मात्र तो डोळ्यांत थेट पडू देऊ नये, हे खरे आहे. म्हणूनच माझ्या वर्गात टॉर्च माझ्याच हातात असते आणि तिचे तोंड नेहमी टेबलाकडे वळवलेले असते.