प्रोग्रामर पारखावा कसा? (शिकवण्याआधीच)

तुमचा कोडिंगचा क्लास असो वा कंपनीचं ट्रेनिंग, शिकवण्याच्या फंदात फार पडू नका. ज्यांना शिकवल्यावाचून येईल तेवढेच आत घ्या. निकाल शंभर टक्के लागेल आणि श्रेय तुम्हाला मिळेल.

दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के हवेतच. दहावीच्या भूगोलात गचकलेला पोरगा लूप काय चालवणार?

मग अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. ही घराणेदार गोष्ट आहे. आयबीएमने 1955 सालीच काढली होती. अंकमालिका, आकृत्या, शाब्दिक गणितं. त्यातले गुण आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ फारसा बसेना, पण म्हणून कोणी परीक्षा बंद करतं का? आपल्याकडे तर बोगद्यातून जाणारी आगगाडी आणि गळका हौद आजही इमानेइतबारे भावी जावा डेव्हलपर निवडतायत. ‘सर, जावात हौद कुठे लागतो?’ असं विचारणाऱ्याला तिथल्या तिथे कटवा. असले लोक पुढे रिक्वायरमेंटवरही प्रश्न काढतात.

स्वभावही तपासा. 1966 साली अमेरिकेत कॅनन आणि पेरी यांनी हजारावर प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या आणि निष्कर्ष काढला की यांना माणसं आवडत नाहीत. तेव्हा मुलाखतीला हसतमुखाने ‘नमस्कार’ म्हणणारा उमेदवार संशयितच. त्या पाहणीत बहुतेक पुरुषच होते, पण मनाला लावून घेऊ नका. एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाला पहिल्यांदा कामाला लावणाऱ्या सहाही जणी बायका होत्या, हेही पॅनेलसमोर काढू नका. उगाच चहा लांबतो.

शास्त्रीयच काही हवं असेल तर हा प्रश्न घाला: a = 10, b = 20, मग a = b (संगणकाच्या भाषेत: b मधला आकडा a मध्ये ठेव). आता a किती, b किती? लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या देहनादी आणि बोरनाट यांनी प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या मुलांना असलेच प्रश्न घातले. उत्तर चुकलं तरी चालेल, नियम मात्र प्रत्येक प्रश्नाला तोच लावला पाहिजे; तसा लावणारे तरणार, बाकीचे बुडणार, असा 2006 चा त्यांचा दावा. केवढी सोय! पोरगं वर्गात पाऊल टाकतंय तोच त्याची कुंडली तयार. 2014 मध्ये बोरनाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. तुम्ही 2006 पर्यंतच वाचा.

2020 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना असं दिसलं की पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकताना आकडेमोडीपेक्षा भाषा शिकण्याची हातोटी जास्त उपयोगी पडते. म्हणजे मराठी घेऊन बीए झालेली मुलगी दारात उभी करायची? हॅट! अवघ्या छत्तीस जणांचा तो अभ्यास. तुमच्या गाठीशी अख्ख्या मामेभावाचा अनुभव आहे.

नाकारलेल्यांचा माग मात्र कधीही काढू नका. त्यांतला एखादा चार वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा टीम लीड म्हणून भेटलाच, तर दुप्पट पगार देऊन आणा. फक्त जॉइन होण्याआधी हौदाचं गणित सोडवून घ्या.