गाव गाडीलायक कसं करावं?

गुहागर, आंजर्ले, दिवेआगर ही गावं बांधणाऱ्यांना अक्कल नव्हती, हे आधी मान्य करा. लांबोडका रस्ता, दुतर्फा घरं, समुद्राच्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि देऊळ, पोस्ट, वाणी सगळं पायाखालच्या वाटेवर. चपला अडकवल्या की कामं उरकतात. अशा गावात गाडीची शान राहणार कशी?

तेव्हा खाली घर घेऊ नका. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, एनए प्लॉट घ्या. तिथे सावली नाही, दुकान नाही, एप्रिलपासून पाणी टँकरचं. पण पार्किंग ऐसपैस. जाहिरातीतला ‘समुद्र पाच मिनिटांवर’ गाडीच्या मिनिटांनी मोजलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा. मग जांभ्याचं कंपाउंड घाला, आणि नेमकं पाखाडीवरून घाला. वाडीतली पोरं त्याच पायऱ्या चढून शाळेत जात असतील, तर आता डांबरी रस्त्याने वळसा घेतील. पावसाळ्यात एखादा बाप कंटाळून स्कूटर घेईल, पुढे कर्ज काढून मोटार. एसटीत कुणी उरलं नाही की वस्तीची गाडी बंद होईल. तेव्हा तिच्यासाठी निवेदन द्यायला तुम्ही पुढे व्हा.

बाजारपेठेचं रुंदीकरण तर हवंच. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, फूटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा, दोन व्हीलचेअर शेजारून जातील इतका. म्हणू दे. आपण गटारावर फरश्या टाकाव्यात, मधल्या दोन-चार गायब ठेवाव्यात आणि उरलेल्यांवर बाइक लावाव्यात. गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा लागते. तेवढ्यात चार मासळीवाल्या बसून पोट भरतात, म्हणजे अडथळा त्यांचाच! हलवा त्यांना बायपासला. बांगडे आणायला मग गाडी काढावीच लागेल.

स्पेनमधल्या पोंतेवेद्राने 1999 पासून गावच्या मध्यातून गाड्या हटवल्या. पॅरिस 15 मिनिटांच्या शहराच्या, म्हणजे रोजचं सगळं चालत किंवा सायकलवर तेवढ्या वेळात गाठता येण्याच्या, गोष्टी करतं. तिकडे सहलीला गेलात तर पाय दुखेस्तोवर हिंडा, ‘किती छान चालता येतं!’ म्हणून फोटो टाका. आपल्या आजीच्या गावात हेच होतं, असं कुणी खाली लिहिलं तर त्याला विकासविरोधी म्हणून मोकळे व्हा.

राहता राहिली शुगर. डॉक्टर रोज अर्धा तास चालायला सांगतील. गाडी काढून खाली समुद्राच्या पुळणीवर जा आणि चाला. लावायला जागा नाही मिळाली तर ग्रामसभेत आवाज उठवा. सुरूचं बन अजून बरंच शिल्लक आहे.