उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जाड पुस्तकच निवडावे

एप्रिल लागला की रविवारच्या पुरवण्यांमधून सुट्टीत वाचायच्या पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात आणि बहुतेक याद्यांचा सूर एकच असतो: सुट्टी आहे, तेव्हा काहीतरी हलकेफुलके वाचावे. हा सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा महाबळेश्वरची किंवा कोकणातली सुट्टी असावी, जिथे दिवसभर हिंडून झाल्यावर निजण्यापूर्वी चार पाने चाळायची असतात. आमच्या परभणीची मे महिन्यातली दुपार अशी नसते. पारा त्रेचाळीसच्या आसपास गेलेला असतो, अकराच्या सुमारास दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि एकदा घरात शिरलेला माणूस ऊन उतरेपर्यंत उंबरठा ओलांडत नाही. म्हणजे रोजचे पाच-सहा तास सलग हाती येतात, आणि तेही सगळा गाव आपल्यासारखाच कोंडलेला असल्यामुळे कोणी दार वाजवण्याची भीती नसलेले. एवढा वेळ हलक्याफुलक्या पुस्तकांवर घालवणे मला उधळपट्टी वाटते. वर्षभर ज्या पुस्तकाची जाडी पाहूनच आपण ते परत फडताळात ठेवतो, ते काढण्याचा हाच हंगाम आहे.

चांगले पुस्तक जाडच असते, असे मी म्हणत नाही. रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची ‘पाचोळा’ आपल्याकडच्या ग्रामीण बोलीत लिहिलेली आहे, एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि मराठवाड्यातल्या वाचकाने ती वाचलेली नसेल तर आधी ती वाचावी. मात्र ती एका बैठकीत संपते. जेवून हातात घेतली तर चहाच्या वेळेला आपण सुन्न होऊन बसलेलो असतो आणि पुढचा महिना तसाच मोकळा पडलेला असतो. मुक्कामाला येणारे पुस्तक वेगळे असते.

असे एक पुस्तक मी गेल्या मे महिन्यात वाचले: अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणांत मुक्तिसंग्राम आपण ऐकतो. १९४८ साली निजामाची राजवट संपली, एवढे सर्वांना पाठ असते. परंतु तिथवर पोहोचण्याआधी भाषेवर, शाळांवर आणि सभांवर कोणती बंधने होती, ती झुगारण्यासाठी माणसे कशी एकत्र आली, हे समजून घ्यायला भाषण पुरत नाही. भालेराव स्वतः त्या लढ्यात होते आणि पुढे ‘मराठवाडा’ या दैनिकाचे संपादक झाले, त्यामुळे पुस्तकाच्या मागे इतिहासाबरोबर अनुभवही उभा आहे. त्यात नावे पुष्कळ आहेत, आणि संध्याकाळी तासभर वाचणाऱ्याला आदल्या दिवशीची नावे आठवत नाहीत. मला सलग दुपारी मिळाल्या म्हणून धागा सुटला नाही. वाचता वाचता मी वडिलांना मध्येच काही गावांबद्दल विचारत असे आणि ते कूलरच्या आवाजावर मात करीत उत्तर देत. ही सोय पावसाळ्यात मिळाली नसती, कारण पावसाळ्यात ते शेतावर असतात.

निवडताना मी दोन-तीन गोष्टी पाहतो. पाठीमागचा मजकूर आणि पुरस्कारांची नावे वाचीत नाही. पन्नासाव्या पानाच्या आसपास उघडून उभ्याउभ्या दोन पाने वाचतो, कारण सुरुवात बहुतेक लेखक घासूनपुसून लिहितात. अक्षर बारीक असेल तर पुस्तक कितीही चांगले असो, परत ठेवतो. पडदे ओढलेल्या खोलीत, त्यात वीज गेलेली, बारीक अक्षरांशी झुंजणे शक्य नसते. फरशीवर उताणे पडून छातीवर धरता येईल इतपतच वजन असावे, हेही पाहतो. (याला कोणी समीक्षा म्हणणार नाही, पण वाचन शेवटी शरीरानेच करायचे असते.)

ग्रंथालयातून पुस्तक घेणाऱ्यांसाठी एक अडचण खरी आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ साली झाला, गावोगाव अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये उभी राहिली, पण आमच्या ग्रंथालयात एका वेळी एकच पुस्तक आठ दिवसांसाठी मिळते. सहाशे पानांना आठ दिवस पुरत नाहीत. यावर उपाय एवढाच, की ग्रंथपालांना आधी भेटून सांगावे. सुट्टीत मागणी असते ती पातळ कादंबऱ्यांना, जाड ग्रंथ कोणी मागत नाही, त्यामुळे मुदत वाढवून द्यायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

मुलांसाठी मात्र मी कोणतेही पुस्तक निवडीत नाही. गेल्या वर्षी पुतणीसाठी थोरांची चरित्रे आणली, तेव्हा तिने ती पत्त्यांचा डाव मांडायला पाट म्हणून वापरली. यंदा तिला सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, ग्रंथालयात नेले आणि कपाटासमोर सोडून दिले. तिने उचलले ते भुतांच्या गोष्टींचे पुस्तक, आणि माझ्यासाठीच्या लीळाचरित्रापेक्षा ते जाड होते.