प्रोपेलरच्या हबवरचा आकडा विमानाचा नसतो

जुन्या लाकडी प्रोपेलरबद्दल एक समज हातोहात पसरला आहे: हबवर, म्हणजे पाती जिथे जुळतात त्या मधल्या भागावर, ठोकलेला आकडा हा विमानाचा नंबर, तो शोधला की विमान आणि वैमानिक दोन्ही सापडतात; पात्याच्या काठाला पितळ असेल तर तो पहिल्या महायुद्धातला; आणि आकडे नीट दिसत नसतील तर घासून पॉलिश करावं. या समजावर लोक मोठ्या रकमा मोजतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा मुळातच चुकीचा आहे. ब्रिटिश लष्करी विमानाचा नंबर विमानाच्या अंगावर रंगवलेला असे. पहिल्या महायुद्धातला वैमानिक विल्यम बार्कर याच्या सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानाचा बी ६३१३ हा नंबर तसाच होता. प्रोपेलर ही झिजणारी, तुटणारी, बदलायची वस्तू. एकाच विमानाला कितीतरी लागत. त्यामुळे हबवर विमानाचा नव्हे, प्रोपेलरचा हिशेब असतो. 'एबी'ने सुरू होणारा आकडा म्हणजे एअर बोर्ड या ब्रिटिश सरकारी मंडळाच्या ड्रॉइंगचा क्रमांक, 'टी'ने सुरू होणारा इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीच्या ड्रॉइंगचा. एकाच ड्रॉइंगवरून अनेक कारखाने प्रोपेलर बनवत, म्हणून तोच आकडा शेकडो नगांवर सापडू शकतो. त्यातून कोणत्या इंजिनाला आणि कोणत्या प्रकारच्या विमानाला तो बसे हे कळतं. ही माहिती मोलाची आहेच, पण वैमानिकापर्यंत ती पोचवत नाही.

'डी' आणि 'पी'पुढचे आकडे तर अनेकजण तारीख किंवा इंजिनाची ताकद समजतात. 'डी' म्हणजे व्यास, 'पी' म्हणजे पिच: लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो, तसा प्रोपेलर एका फेऱ्यात तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर. ब्रिटिश प्रोपेलरवर हे बहुधा मिलिमीटरमध्ये असतं. टेप घेऊन टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि 'डी'शी ताडून बघा. फरक मोठा असेल तर पाती कापलेली आहेत किंवा शिक्का खोटा आहे. जर्मन प्रोपेलरवर 'पी'ऐवजी 'एसटी' दिसेल, म्हणजे श्टायगुंग, पिचच. 'एलएच' म्हणजे डाव्या पंखावरचा, हेही खरं नाही. ती फिरण्याची दिशा आहे.

'गरुड' हे नाव वाचून प्रोपेलर भारतीय बनावटीचा ठरवणारेही भेटतात. गरुड हा बर्लिनचा कारखाना होता. नाव मात्र आपल्याच विष्णुवाहनाचं.

पितळेवरून काळ ठरत नाही. महायुद्धातल्या कित्येक प्रोपेलरांच्या टोकांना नुसतं कापड चिकटवलेलं असे, आणि पितळी काठ पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिला. भारतात १९३० आणि ४०च्या दशकांत टायगर मॉथवर किती वैमानिक शिकले! त्यामुळे आपल्याकडे निघालेला पितळी काठाचा प्रोपेलर आधी त्या शिकाऊ विमानाचा आहे का, हे बघावं. हबवर जिप्सी मेजर इंजिनाचं नाव असेल तर प्रश्नच मिटला. ते इंजिन पहिलं महायुद्ध संपून एक तप उलटल्यावरचं.

आणि कृपा करून घासू नका. शिक्के उथळ असतात, सँडपेपरच्या दोन हातांत कायमचे जातात. कारखान्याचा चिकटवलेला छाप तर त्याआधीच जातो. अंधाऱ्या खोलीत बॅटरी हबला लागून आडवी धरा, सावलीत अक्षरं उठतात, त्यांचे फोटो काढा. बोल्टच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यासही टिपा, कारण शिक्का पुसला तरी इंजिनाचा माग त्यांवरून लागतो.