एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर : बडोद्याच्या अकोटा भागातली लॅमिनेटची बेडरूम

काका, नमस्कार. रिव्ह्यू वाचला, दुकानातल्या पोरांनाही वाचून दाखवला. तुमचं म्हणणं असं की लाकडी फ्लोरिंग सांगून पुठ्ठा लावून दिला, मे महिन्यात बसवलेली बेडरूम ऑगस्टमध्ये मधोमध वर उचलली, बाल्कनीच्या दारापाशी फळ्यांच्या कडा फुगल्या, चालताना टकटक वाजतं, दहा वर्षांची वॉरंटी ही थाप आहे, मालक फोन घेत नाही आणि सगळे पैसे परत पाहिजेत. आता चारचौघांत विचारलंय तर उत्तर पण इथेच देतो, लांबेल थोडं.

आधी पुठ्ठ्याचं. कोटेशन आणि बिल दोन्हीवर "८ एमएम लॅमिनेट, एसी ४" असंच लिहिलंय, एसी म्हणजे फळी किती झीज सोसते त्याचा ग्रेड. फळी मधून कापून दाखवली होती तुम्हाला, आत लाकडाचे तंतू दाबून केलेलं एचडीएफ, वर लाकडाचा फोटो छापलेला कागद आणि त्याच्यावर मेलामाइनचा पारदर्शक कडक थर. खरं लाकूड हवं तर इंजिनिअर्ड वूड शेजारच्याच रॅकवर होतं, त्यात वरचा थर ओकचा नाहीतर सागाचा असतो, तो चांगला जाड असला तर एक-दोनदा घासून परत पॉलिश पण मारता येतं. पण भाव ऐकून काकूच म्हणाल्या की नातवंडं घरात सायकल फिरवतात, एवढं महागाचं कशाला. आणि काकूंचं बरोबरच होतं, ओरखड्यांना लॅमिनेट बऱ्याच लाकडांइतकं पटकन दाद देत नाही. पाण्याला मात्र देतं, त्याच्याकडे येतोच.

मधोमध जे उचललंय ना, ते मालामुळे नाही. लॅमिनेट खाली चिकटवलेलं नसतं, ठोकलेलं नसतं, फोमवर नुसतं पसरलेलं असतं, यालाच फ्लोटिंग म्हणतात, फळ्या एकमेकीत क्लिक केलेल्या आणि अख्खी खोली म्हणजे एकच मोठा पाट. हा पाट हवेतली ओल पिऊन पसरतो आणि कोरड्या हवेत आकसतो. बडोद्यात मे महिन्यात हवा किती कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टला मीठसुद्धा कसं पाझरतं हे मी तुम्हाला काय सांगणार. म्हणूनच उन्हाळ्यात बसवताना आम्ही चारी भिंतींपाशी १० ते १२ एमएम जागा मोकळी सोडतो, वरून स्कर्टिंग येतं त्यामुळे दिसत नाही, आणि ते स्कर्टिंग पण भिंतीला मारतो, फळीला नाही. तुमच्याकडे पण तशीच सोडली होती, काम चालू असतानाचे फोटो तुमच्याच व्हॉट्सॲपवर आहेत.

मग जूनमध्ये तुम्ही तुमच्या सुताराकडून एका भिंतीला पूर्ण लांबीचं वॉर्डरोब करून घेतलं आणि त्याने खालचा प्लिंथ, म्हणजे कपाटाची बैठक, फ्लोरिंगमधून आरपार स्क्रू मारून स्लॅबला आवळला. समोरच्या दारात आम्ही पट्टीखाली गॅप ठेवली होती, ती पट्टी काढून कोणीतरी व्हाइट सिमेंट भरलं, कचरा जातो म्हणून. हे मी अंदाजाने बोलत नाही, तुम्ही स्वतः पाठवलेल्या फोटोत स्क्रूपण दिसतात आणि सिमेंटपण. एका बाजूने कपाटाने धरलं, दुसऱ्या बाजूने सिमेंटने, पाऊस सुरू झाला, फळ्या पसरल्या, जाणार कुठे, वरच येणार. कोणत्याही कंपनीची, कितीही महागाची फळी लावली असती तरी हेच झालं असतं. फिक्स फर्निचर आधी आणि फ्लोरिंग शेवटी, हे आम्ही दिलेल्या कार्डावर पहिल्याच ओळीत आहे. सुताराला वाचायला द्यायचं होतं काका.

बाल्कनीपाशीचं दुखणं वेगळं. तिथे कडा फुगल्या त्या पाण्याने. कामवाल्या मावशी बादलीत फिनाइल घालून, फडकं जेमतेम पिळून रोज पुसतात, माप घ्यायला आलो तेव्हा पाहिलं होतं आणि तेव्हाच बोललो होतो. टाइल्सला चालतं ते. इथे पाणी जोडातून आत उतरतं, एचडीएफ फुगतं, आणि फुगलेली कड वाळली तरी परत बसत नाही, घासून पण चालत नाही कारण वरचा थर गेला की फोटोच निघून येतो. रोज कोरडा मॉप, आठवड्यातून एकदा अगदी घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर, बस. स्टीम मॉप तर आणूच नका, कोणी कितीही ऑफर दिली तरी. आणि पावसाळ्यात त्या दाराशी पायपुसणं आत-बाहेर दोन्हीकडे.

वॉरंटी वरच्या थराच्या झिजण्याची असते, पाण्याची नसते, कार्डावर आहे. टकटक आवाज फ्लोटिंग फ्लोरिंगला थोडा येतोच, ३ एमएमचा भारी फोम घेतला असतात तर कमी आला असता, तुम्ही साधा घेतलात, आणि आत्ता तर खाली पोकळी झालीय म्हणून जास्तच येतोय. फोनचं म्हणाल तर गणपतीत माझे फिटर गावी असतात, मी मेसेजला उत्तर दिलं होतं की विसर्जनानंतर माणूस येईल, तुम्हाला ते पटलं नाही एवढंच.

बाकी वाचणाऱ्यांना एक सांगतो, आम्ही कोणालाही कुठेही लॅमिनेट गळ्यात मारत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं, त्यानंतर नदीकाठच्या तळमजल्याला लॅमिनेट मागायला कोणी आलं की मी सरळ टाइल्सवाल्याचा रस्ता दाखवतो, फारच हौस असेल तर एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी. धंदा जातो, जाऊ दे.

आता तुमचं काय करायचं. पैसे परत मिळणार नाहीत काका, माल चांगला आहे. पण काम नीट करून देतो, मजुरी घेणार नाही. कपाट काढायची गरज नाही, त्याच्या पुढच्या कडेने मशीनने फ्लोरिंग कापून गॅप मोकळी करू, वरून पट्टी येईल, दिसणार पण नाही. दारातलं सिमेंट फोडून टी-प्रोफाइल, म्हणजे गॅप झाकणारी टी आकाराची पट्टी, लावू. एवढं केलं की उचललेला भाग बहुतेक वेळा थोड्या दिवसांत स्वतःच खाली बसतो, वर उड्या मारू नका आणि ठोकू तर अजिबात नका. बाल्कनीकडच्या फुगलेल्या फळ्या बदलाव्याच लागतील, त्या भिंतीलगतच्या आहेत म्हणून तिकडून स्कर्टिंग काढून उकलता येतील, सगळी खोली उघडावी लागणार नाही.

त्याच्यासाठी काम संपताना जी एक जास्तीची पेटी ठेवून गेलो होतो ती लागेल, कारण नवीन लॉटचा रंग थोडा तरी वेगळा येतो. ती पेटी बाल्कनीत उभी करून ठेवली असेल तर आजच आत आणा आणि पलंगाखाली आडवी सरकवा, निदान दोन दिवस खोलीतल्या हवेत पडू दे, मग माणूस पाठवतो.