हो, लायसन्स आहे. नाही, सांगलीत विमान उडवता येत नाही.

सुट्टीला अमेरिकेतून सांगलीत आलं की माझ्या लायसन्सची चर्चा माझ्याआधी घरोघरी पोचलेली असते. मग सुरू. "कुठल्या कंपनीत आहेस?" "पॅकेज किती?" "म्हणजे एअर होस्टेस ना?" ह्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं मी सोडूनच दिलंय. तासगावची आत्या मात्र थेट मुद्द्याला हात घालते. "विमान चालीवतीस म्हंत्यात. पैसं किती मिळत्यात?" मिळत नाहीत आत्या, जातात. "म्हंजी सोत्ताचं पैसं घालून चालीवतीस? कशापायी?"

ह्या "कशापायी"पाशीच सगळं घोडं अडलंय. आत्याचं सोडा, तिनं विचारायलाच पाहिजे. पण दिल्लीपासून गल्लीपर्यंत जो तो हेच विचारतो. विमान एक तर पोटासाठी चालवायचं, नाही तर चालवायचंच नाही. हौस म्हणून बाई विमान उडवते म्हटलं की समोरचा माणूस असा बघतो, जणू मी नवऱ्याच्या पैशानं पत्ते खेळते.

तर एकदाच सांगते, परत विचारू नका. माझं लायसन्स प्रायव्हेट पायलटचं आहे. विमान उडवता येतं, सोबत माणसं नेता येतात, पैसे घेता येत नाहीत. चौघं गेलो तर पेट्रोल नि भाड्यातला स्वतःचा हिस्सा मलाही भरावाच लागतो, तसा नियमच आहे. अमेरिकेत कागदावर 40 तासांचं उड्डाण पुरतं. प्रत्यक्षात 40 तासांत पार पडलेला माणूस मला अजून भेटायचाय. टेक्सासचा वारा आज नाही म्हणाला की आजचा धडा गेला. सेसना 172 ह्या छोट्या विमानाचं भाडं तासाला दीडशे-दोनशे डॉलर, शिकवणाऱ्याचे पैसे वेगळे. मी डॅलसमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करते, एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे ठरलेल्या नोकरीपुरत्याच व्हिसावर. पुढं जाऊन कमर्शियल लायसन्स काढलं तरी त्या व्हिसावर विमान चालवून पैसे कमवायची सोय नाही. म्हणजे "पगार किती" विचारणाऱ्यांनो, ह्या देशात नाही, त्याही देशात नाही.

तिकडं सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही समजू नका. माझ्या ऑफिसातल्या अमेरिकन पोरीनं पासपोर्ट दाखवून नागरिकत्व सिद्ध केलं नि त्याच दिवशी शिकायला बसली. परदेशी माणसाला आधी सुरक्षा तपासणीचा अर्ज, बोटांचे ठसे, फी, मग मंजुरी येईपर्यंत वाट बघा. 2001 च्या सप्टेंबरमध्ये जे झालं त्यानंतरचे हे नियम आहेत, त्यामागचं कारण कळतं मला. पण ही तपासणी प्रायव्हेट लायसन्सला एकदा नि पुढं ढगातून उडायचं शिकायला, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगला, परत. तोच पासपोर्ट, तीच मी. 2024 मध्ये नियम बदलला, आता एकदा मिळालेली मंजुरी पाच वर्षांपर्यंत चालते. माझं दोन्ही उरकल्यावर बदलला, हे सांगायला नकोच. शेवटची परीक्षा घेणाऱ्या परीक्षकाची तारीख मिळायची बोंब तर तिकडच्या गोऱ्यांनाही चुकत नाही. तारीख मिळेपर्यंत बसलेला हात जाऊ नये म्हणून उडत राहायचं, म्हणजे परत डॉलर.

पण ते सगळं सोसलं, कारण त्याच्या शेवटी विमान होतं. सकाळी सहाला हँगरपाशी जायचं. पंखांखाली वाकून एकेका ड्रेनमधून थोडं थोडं पेट्रोल पारदर्शक नळकांड्यात घ्यायचं नि उजेडाकडं धरायचं. रंग निळा पाहिजे. निळा असला म्हणजे टाकीत योग्य तेच पेट्रोल आहे, भलतं काही नाही. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो, काचेच्या गोटीसारखा लुकलुकतो. तो दिसला की परत काढा, परत बघा, थेंब दिसेनासा होईपर्यंत. तोवर कुणी घाई करत नाही, कुणी ओरडत नाही. मग प्रोपेलरच्या कडेवरून बोट फिरवून कुठं टवका उडालाय का ते बघायचं. हाताला वास राहतो दिवसभर. आत्या, कशापायी विचारलंस ना, ह्याच्यापायी.

आता सगळ्यात आवडता प्रश्न, जो सांगलीच्या विश्रामबागेत रोज कुणी ना कुणी विचारतं: "मग इथं का नाही उडवत?"

कारण अमेरिकेचं लायसन्स अमेरिकेत नोंदलेल्या विमानापुरतं. शेपटीवर एन अक्षरानं सुरू होणारा नंबर असलेलं. भारतातल्या विमानावर व्हीटी असतं, त्याला भारताचं लायसन्स पाहिजे. 1944 साली शिकागोत जगभरच्या देशांनी करार केला, भारतही त्यात होता, विमानाचे नियम सगळीकडे शक्य तेवढे सारखे असावेत म्हणून. सारखे आहेतही. पंख सारखा, हवा सारखी, रेडिओवरची भाषासुद्धा सारखी. फक्त माझं लायसन्सचं कार्ड चालत नाही.

आणि खरी चीड कशाची आहे सांगू? उलटं चालतं! भारतात प्रायव्हेट लायसन्स काढलेला माणूस अमेरिकेत गेला, तर अमेरिका भारताकडून त्याच्या लायसन्सची खातरजमा करून घेते नि त्याच्या आधारावर आपलं प्रायव्हेट लायसन्स हातात देते. प्रायव्हेटपुरती नवी लेखी परीक्षा नाही. एका शिक्षकाबरोबर उजळणीचं उड्डाण केलं की झालं. अमेरिकेला भारताच्या लायसन्सवर भरवसा आहे, आणि मी अमेरिकेचं घेऊन मायदेशी आले तर इथला मेडिकल वेगळा, इथली परीक्षा वेगळी, रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा. डोळे तेच, कान तेच, पण तिकडच्या डॉक्टरनं बघितलेले इथं चालत नाहीत. अमेरिकेत देशातल्या देशात उडताना वैमानिकाला रेडिओचा वेगळा परवाना लागतच नाही. इथं तो लागतो, आणि वर्षानुवर्षं तो विमानवाल्यांच्या खात्याकडं नव्हताच, दूरसंचारवाल्यांकडं होता. 2024 चा नवा विमान कायदा आला, 1934 चा जुना गेला, तेव्हा कुठं ते काम विमान खात्याकडं आलं. नव्वद वर्षं लागली दोन टेबलं जवळ आणायला.

कागदांचं तर बोलूच नका. तिकडं मला दहावीचं मार्कलिस्ट कुणीही मागितलं नाही. इंग्रजी वाचता-बोलता-कळता येतं ना, बस. इथं शिक्षणाचा पुरावा पाहिजे. बरं, देते. माझ्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग मी, मग वडील. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव नि वडिलांच्या जागी नवरा. अमेरिकेचं लायसन्स पासपोर्टबरहुकूम. म्हणजे कागदावर आम्ही दोन बायका झालो. एक माहेरची दहावी पास, एक सासरची पायलट. ज्या कार्यालयात गेले तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला नि म्हणाले, "मॅडम, ह्यातल्या तुम्ही कोणत्या?" विनोद करत नव्हते ते. मग अ‍ॅफिडेव्हिट करा, स्टॅम्प पेपर आणा, राजपत्रात नाव आलंय का ते दाखवा, लग्नाचा दाखला जोडा, त्यावर साक्षांकन. नवऱ्याला ह्यातलं काहीही करावं लागत नाही हे जाता जाता नोंदवून ठेवते. तो फक्त बाहेर गाडीत एसी लावून बसला होता.

मी तर हौशी. मला नाही मिळालं तर माझी चूल काही विझत नाही. मामेभावाच्या पोराचं बघवत नाही. त्यानं तिकडून कमर्शियल केलंय. घरच्यांनी द्राक्षबागेवर कर्ज काढून पाठवलेला. अमेरिकेत कमर्शियलला साधारणपणे 250 तास लागतात, भारतात 200 पुरतात, म्हणजे पोरगा इथल्यापेक्षा जास्तच उडून आलाय. आल्यावर काय? नॅव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, सगळे पेपर बसून परत द्या, 70 टक्क्यांच्या खाली नापास. नियमांचा पेपर मी समजू शकते, देश वेगळा, नियम वेगळे. पण हवामान? ढग टेक्सासवर वेगळा नि मिरजेवर वेगळा बनतो काय? त्यात चाचणीची उड्डाणं ठराविक मुदतीतलीच पाहिजेत. पेपरांत मुदत निघून गेली की परत विमान, परत तासाचे पैसे. पोरगं वरच्या खोलीत दार लावून अभ्यास करतं नि खाली बाप बँकेच्या हप्त्याचा मेसेज आला की मोबाईल उलटा ठेवतो. आणि रस्त्यावर फ्लेक्स काय, तर "पायलट व्हा, स्वप्न पूर्ण करा". त्या फ्लेक्सवर परतीच्या कागदांबद्दल एक ओळ लिहायला काय धाड भरते?

बरं, जे तिकडून कायमचे परत आलेत त्यांनाही सुटका नाही. माझी एक मैत्रीण साताऱ्याला येऊन स्थायिक झाली. अमेरिकेच्या लायसन्सची मुदत संपत नाही म्हणून ती खूश होती. आता तिकडं नियम निघाला: पत्ता परदेशातला असेल नि अमेरिकेत पत्ताच नसेल, तर तुमच्या वतीनं सरकारी टपाल घेणारा तिथला कुणीतरी नेमा. 2025 च्या जुलैपासून जुन्या लायसन्सवाल्यांनाही तो लागू. नेमला नाही तर लायसन्स वापरायचं नाही. बाई आता डॅलस-ह्यूस्टनमधल्या लांबच्या नातेवाइकांना फोन लावतीये, "अहो, माझं टपाल घ्याल का?" आणि दर चोवीस महिन्यांनी शिक्षकाबरोबर उजळणीचं उड्डाण, त्याशिवाय विमानाला हात लावायचा नाही. माणसं सोबत न्यायची तर मागच्या नव्वद दिवसांत तीन टेकऑफ नि तीन लँडिंग झालेली पाहिजेत. हे दोन्ही नियम मला शंभर टक्के पटतात, जीव जातो माणसाचा. पण साताऱ्यात बसून एन नंबरचं विमान कुठून आणायचं तिनं, अजिंक्यताऱ्यावरून?

समजा, सगळे कागद जमले. समजा, दिल्लीनं हातात भारताचं कार्ड ठेवलं. उडवायचं कुठं? भाड्यानं विमान पाहिजे असं सांगलीत म्हणा बरं कुणाला, ट्रॅव्हल्सवाल्याचा नंबर देतील. कराडला धावपट्टी आहे, कोयना धरणाच्या काळातली, तिथं शिकाऊ पोरं उडतात. कोल्हापूरला उजळाईवाडी आहे, तिथं प्रवासी विमानं येतात. नि आपल्या सांगलीला? तासगाव रोडला कवलापूरची धावपट्टी आहे. आहे म्हणजे, होती. लहानपणापासून ऐकतेय, विमानतळ होणार. निवडणूक आली की होणार, निवडणूक गेली की जागेचं दुसरंच काहीतरी होणार. तोवर झुडपं वाढतायत निवांत.

आणि उडायचं म्हटलं तरी इथं आधी संरक्षण खात्याच्या बाजूनं एअर डिफेन्स क्लिअरन्सचा, म्हणजे हवाई संरक्षणाच्या परवानगीचा, नंबर घ्या, मग निघा. टेक्सासमध्ये मी स्वच्छ हवेत, गर्दीच्या हवाई हद्दीबाहेर, कुणालाही न सांगता निघून दुसऱ्या गावी नाश्त्याला उतरू शकते. सीमेवरच्या देशाला काळजी घ्यावी लागते, मान्य. पण ज्वारीच्या रानावरून तासगावची द्राक्षं बघायला निघालेल्या दोन सीटच्या विमानासाठी काहीतरी हलकी पद्धत बसवता येत नाही असं कुणीही सांगू नये मला.

ह्या देशात दिलं गेलेलं पहिलं लायसन्स कुणाचं होतं माहितीये? जे.आर.डी. टाटांचं, 1929 च्या फेब्रुवारीत, नंबर एक. एअरलाइन नंतर आली, 1932 मध्ये कराची ते मुंबई टपाल घेऊन. आधी तीन वर्षं माणूस आवड म्हणून उडत होता. त्यांना कुणी "कशापायी" विचारून चष्मा वर केला असता, तर पुढची एअरलाइन कुठून निघाली असती?

तर मागणं फार नाही. अमेरिका भारताच्या प्रायव्हेट लायसन्सला जे देते तेवढंच इकडून द्या. तिकडून खातरजमा करून घ्या, इथल्या नियमांचा एक पेपर घ्या, घ्याच, शिक्षकाबरोबर एक कडक उड्डाण घ्या, नापास करायचं तर तिथं करा. मेडिकल एकमेकांचे माना. लग्न झालेल्या बाईचं नाव बदलतं हे एकदा कुणीतरी कॉम्प्युटरला शिकवा. नि कवलापूरला विमानतळ व्हायचा तेव्हा होऊ दे, टर्मिनल नको, लाउंज नको, भूमिपूजन तर मुळीच नको. आधी ती झुडपं काढा.