'आमच्या वेळी'ची पूर्वतयारी

चाळिशी ओलांडली असेल तर एक काम आता मनावर घ्याच. भाव पाठ करायला लागा. आजचे नव्हेत, जुने. पेन्शन तर तुम्हाला नाहीच. म्हातारपणी घरात तुमची जी काही किंमत राहील, ती या पाठांतरावरच.

सुरुवातीलाच सांगतो, भाव सांगायचा, पगार नाही. "१९७० साली दहा ग्रॅम सोनं दोनशेच्या आत होतं" हे वाक्य कसं खणखणीत वाजतं! त्याला तेव्हाच्या पगाराचं शेपूट जोडलंत की मजा गेली. शिवाय नातवंडं आगाऊ असतात, "मग घेऊन का नाही ठेवलं?" असं विचारतातच. अशा वेळी चष्मा शोधायला लागावं. आमचे आजोबा तेच करायचे. चष्मा कपाळावरच असायचा.

चार आण्यांचा उल्लेख मात्र बिनधास्त करा. २०११च्या जूनअखेर सरकारने ते नाणंच बंद केलं, त्यामुळे तपासायला कोणी येणार नाही.

स्वस्ताईच्या गोष्टीत रांग येऊ देऊ नका. रेशनची साखर, दुष्काळातली ती लाल मिलो ज्वारी, घासलेटचा डबा, गॅससाठी लावलेला नंबर, सगळं गाळा. आणि लाटणं तर मुळीच नको. त्याच सोन्यासारख्या दिवसांत, १९७२च्या सुमारास, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आमची आजीही त्यांत होती. मी विचारलं तर म्हणाली, "अरे, तेलाचा थेंब मिळत नव्हता, करणार काय?" मग पोळी उलथत पुढे, "पण काही म्हण, स्वस्ताई होती हो तेव्हा."

घराचा विषय निघाला की जास्त जपून. आजोबांच्या दोन खोल्या गिरगावात पागडीच्या. १९४७च्या भाडेकायद्याने भाडं १९४०च्या पातळीवर गोठवलेलं, जिन्याला टेकू, मालक डागडुजीचं नाव काढत नव्हता. याला घरात 'काटकसर' म्हणतात. वडिलांच्या वेळी पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं, १९८६पासून २००० साल उजाडेपर्यंत. याला 'बचतीची सवय' म्हणतात. २०२०पासून ते ७.१ टक्क्यांवर बसलंय. याला काय म्हणायचं ते वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही लोक बाहेरची कॉफी फार पिता."

तेव्हा कॉफी सोडा. मी सोडली. फ्लॅट अजून आला नाही, पण येईल.

तोवर खानदानी घासाघीस तरी टिकवून धरा. ती कशी करायची ते माझ्याकडून शिका. गेल्या वर्षी बँकेत वीस वर्षांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. किती पानं होती देव जाणे. बाई बोट ठेवत गेल्या, मी सही ठोकत गेलो. प्रोसेसिंग फी ऐकून मान डोलावली, वर "थँक यू" म्हटलं. तिथून तडक मंडईत. कोथिंबिरीची जुडी तीस रुपये! मी भडकलोच. दोनदा पाठ फिरवून निघालो, दोनदा परत आलो. शेवटी पंचवीसला तोडली, वर कढीपत्त्याची काडी उपटली. "साहेब, कढीपत्त्याचे पण पैसे पडतात आता," म्हणत त्याने ती दिली. घरी आल्यावर कोथिंबिरीची हकीकत दोनदा सांगितली. कर्जाचा हप्ता किती, हे बायकोने विचारलं तेव्हा आठवला.

पाठांतर माझं जोरात चालू आहे. परवा लेकीला सांगितलं, "आम्ही कॉलेजात असताना वडापाव पाच रुपयांना होता."

"आणि खिशात किती असायचे, बाबा?"

मी चष्मा शोधायला लागलो. मला अजून चष्मा लागलेला नाही.